बॅटरीवरचा आवाज

गुरुनाथराव खांबेट्यांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं, आणि प्रश्न त्यांना विचारलेला असायलाच हवा असं मुळीच नव्हतं. कुणाकडे गेल्यावर घरच्या बाईंनी वसुधाबाईंना विचारावं, "तुम्ही काय घेणार?" आणि हे सोफ्यावरून म्हणणार, "तिला चहा. साखर अर्धा चमचा." झालं, चहा आला. वसुधाबाईंना खरं तर कॉफी आवडायची. पण चारचौघांत नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्या मुकाट चहा प्यायच्या आणि घरी येऊन म्हणायच्या, "मला कॉफी चालली असती." "मग तोंडाने बोलायचं नाही का?" हे वर यांचंच! बेचाळीस वर्षं संसार असा चालला. चौतीस वर्षं पुण्यात धायरीला आणि नंतरची आठ वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलमध्ये, लेकीच्या घरी.

माणूस वाईट नव्हता हो. दूरसंचार खात्यात तीस वर्षं काढली, एक्स्चेंजमधला बिघाड शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून लिनक्सच वापरलं. कारण विचारलं की सांगायचे, "ज्या यंत्राच्या आत मालकाला डोकावता येत नाही, ते घरात कशाला हवं?" लेक ममता स्वतः सॉफ्टवेअरमधली, इथे एका सरकारी खात्यात कामाला. तीसुद्धा म्हणायची, "बाबा, साधा लॅपटॉप घ्या ना, सगळं आपोआप होतं." आपोआप होणाऱ्या गोष्टींवर गुरुनाथरावांचा अजिबात विश्वास नव्हता.

वसुधाबाई धायरीला मराठी टंकलेखन शिकवायच्या. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा त्यांच्या वर्गातल्या शेकडो मुलामुलींनी दिली. त्यांची स्वतःची बोटं तर अशी चालायची की शिकणाऱ्यांनी नुसतं बघत बसावं. हे मुद्दाम सांगायचं कारण, पुढे त्यांच्याकडे उजव्या हाताचं एकच बोट शिल्लक राहिलं.

दुखणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी ब्लाउजचे हूक लागेनात, मग जिना चढताना पाय अडकायला लागला, मग जीभ जड झाली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरणीने, रिबेका तिचं नाव, समोर बसून नीट समजावून सांगितलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. आणि डोकं? डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. ममता तिथेच रडायला लागली. गुरुनाथरावांनी विचारलं, "किती वेळ आहे?" वसुधाबाईंना काही विचारायचं होतं की नाही, ते राहूनच गेलं.

बोलता येईनासं झालं की टाइप केलेलं वाचून दाखवणारं एक उपकरण हॉस्पिटलकडून मिळतं. मिळालं. पण ते इंग्रजी. वसुधाबाईंनी त्यात रोमन अक्षरांत "मला पाणी द्या" लिहिलं, तर त्यातल्या बाईने ते असं काही म्हटलं की सगळे हसले. वसुधाबाईही हसल्या. नंतर मात्र त्यांनी ते उपकरण बाजूला सारलं ते कायमचं. इंग्रजी समजायचं त्यांना सगळं, पण मरताना परक्या बाईच्या तोंडून परक्या भाषेत बोलायची त्यांची तयारी नव्हती.

मग गुरुनाथरावांनी कंबर कसली. बाईंचा आवाज पुरता गेला नव्हता तेव्हाच त्यांनी तो साठवायला घेतला. वेलिंग्टनचा वारा खिडक्या हलवायचा, म्हणून भिंतीतल्या कपाटात रजया टांगून त्यात खुर्ची ठेवली आणि दोन महिने रोज दुपारी बायकोकडून वाक्यं वाचून घेतली. चौदाशे वाक्यं. शेवटच्या शंभर वाक्यांत जीभ अडखळलेली ऐकू येते. त्या साठ्यावरून त्यांनी फुकट मिळणाऱ्या प्रणालीला वसुधाबाईंसारखं बोलायला शिकवलं. ममताने ऑफिसातल्या मोठ्या यंत्राची थोडी मदत मिळवून दिली, बाकी सगळं यांचं. टाइप करा, मोठं हिरवं बटण दाबा, की दोन सेकंदांत वसुधाबाईंचा आवाज. त्यांचा स्वतःचा, धायरीचा, जरासा अनुनासिक. पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, "अहो, दाढी करा, भुतासारखे दिसताय." ममता हसली, रडली आणि बापाच्या गळ्यात पडली. आयुष्यात एवढं कौतुक गुरुनाथरावांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

पण हे सगळं पलंगाजवळ, वायर भिंतीत लावलेली असताना. लॅपटॉप चाकांच्या खुर्चीला अडकवून बाहेर काढला की गाडी अडायची. वायर काढली, बॅटरीवर गेला, की यंत्र रखडायला लागायचं. वसुधाबाई लिहायच्या, बटण दाबायच्या, आणि वाट बघायच्या. तीन शब्दांच्या वाक्याला पाऊण मिनिट.

पाऊण मिनिट म्हणजे किती, ते वाट बघितल्याशिवाय कळत नाही. शनिवारी नात सिद्धी नेटबॉल खेळायची, तेव्हा आजीची खुर्ची मैदानाच्या कडेला. खेळ संपला की दहा वर्षांची ती पोर धापा टाकत यायची, "आजी, डिड यू सी माय गोल?" आजी बोट हलवायची, बटण दाबायची. पोरगी पहिल्या दिवशी थांबली. दुसऱ्या शनिवारी अर्धवट थांबली. तिसऱ्या वेळी "स्वीट ॲज, आजी!", म्हणजे इथल्या पोरांचं "झकास", म्हणून मैत्रिणींकडे पळाली, आणि रिकाम्या मैदानाकडे तोंड करून यंत्र म्हणालं, "पाहिला गं, बाळा." लहान मुलांना काय दोष द्यायचा? मोठी माणसं तरी कुठे थांबत होती? समोरचा गोंधळून जायचा, काहीतरी बोलायचा, हात दाबायचा आणि निघायचा. आणि गुरुनाथराव तर काय, गप्प बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "ती म्हणतेय, बरं वाटतंय आता." "ती म्हणतेय, थँक्यू." यंत्राने तोंड उघडेपर्यंत यांचं सांगून झालेलं असायचं.

त्यांनी बॅटरी बदलली. पंखा उघडून धूळ काढली. सेटिंग्जमध्ये जाऊन वीज वाचवणं बंद केलं, यंत्राला पूर्ण ताकदीने चाल म्हणून सांगितलं. फरक शून्य. "नवीन घेऊया का?" ममता म्हणाली. "यंत्रात दोष नाही," ते म्हणाले. "वायर लावली की पळतंच आहे ना? कुठेतरी बारीकशी अडचण आहे. सापडेल."

ती सापडायच्या आत ते झालं. बाईंना गिळता येईना. पाणीसुद्धा छातीत जायचं. डॉक्टर रिबेकाने बोलावलं. ममताला त्या दिवशी ऑफिसातून निघता आलं नाही, दोघंच गेले. हॉस्पिटलात बाहेरचा चार्जर भिंतीत लावू देत नाहीत, त्याची तपासणी होऊन त्यावर बिल्ला लागलेला असावा लागतो. म्हणजे पुन्हा बॅटरी. दुभाषी हवा का, असं नर्सने विचारलं. "कशाला? मी आहे की," हे म्हणाले.

रिबेकाने खुर्ची ओढली, वसुधाबाईंच्या डोळ्यांसमोर बसली आणि त्यांनाच विचारलं. पोटातून नळी घालता येईल, त्यातून अन्न जाईल, आयुष्य काही महिन्यांनी वाढेल. आजार थांबणार नाही. नळी नको असेल तर नको म्हणायचा हक्क आहे, मग त्रास होऊ नये म्हणून जे करता येईल ते सगळं करू. तुम्हाला काय हवं?

वसुधाबाईंचं बोट चाललं. त्यांनी बटण दाबलं.

रिबेका थांबली. बिचारी खरंच थांबली. पाच सेकंद, दहा, पंधरा. गुरुनाथरावांना पडद्यावरचं दिसत नव्हतं, ते बाजूला उभे होते. पण बायकोचं बोट किती वेळा हललं ते त्यांनी पाहिलं होतं. हो म्हणायला इतकं लिहावं लागत नाही. आणि ते बोलून गेले.

"यस, यस. शी वॉन्ट्स इट. वी हॅव डिस्कस्ड."

कसलं डिस्कस्ड! घरात त्या विषयावर एक शब्द निघाला नव्हता. रिबेकाने बाईंकडे पाहिलं. "वसुधा, हे बरोबर आहे? हो असेल तर डोळे मिटा." वसुधाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. परक्या बाईसमोर, हॉस्पिटलच्या खोलीत, सत्तरीचा नवरा घामाघूम उभा. त्यांनी डोळे मिटले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये, लिफ्टची वाट बघताना, नेहमीपेक्षाही उशिराने यंत्र बोललं. "नळी नको मला." अगदी स्पष्ट. शेजारी उभ्या असलेल्या सफाईवाल्या बाईला वाटलं आपल्याशीच कुणी बोलतंय. ती हसून "किया ओरा" म्हणाली, इथला नमस्कार. गुरुनाथराव लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. मग खाली वाकून म्हणाले, "अगं, आता ठरलं ना सगळं. यंत्रच हळू चाललं, त्याला मी काय करू?" वसुधाबाईंनी पुन्हा बटण दाबलं नाही.

परत आत जायला किती पावलं होती? वीस. नळी घालायला मध्ये दोन आठवडे होते, एक फोन करायला किती लागतं? ममताने विचारलं, "आईची तयारी आहे ना बाबा?" तर हे म्हणाले, "हो तर." रात्री कूस बदलताना त्यांच्या मनात यायचं, सांगावं. सकाळी वाटायचं, जगेल ना चार महिने, त्यात वाईट काय आहे? बायको मेलेली बघवणार नाही म्हणून तिला न विचारता जगवायची, याला प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि वसुधाबाई? घरी पलंगाजवळ यंत्र वायरीवर पळत होतं, त्या हवं ते बोलू शकत होत्या. त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत. एकदा नवरा बोलून गेला की त्या नेहमीच गप्प बसत आल्या होत्या. त्यांना नळी घातली.

त्यानंतर गुरुनाथराव त्या लॅपटॉपच्या असे मागे लागले की विचारू नका. जणू तो हळू चालला हाच सगळा गुन्हा, आणि तो दुरुस्त झाला की कॉरिडॉरमधला तो दिवस पुसला जाणार होता. सगळी प्रणाली पुसून नव्याने टाकली. पहिला दिवस बॅटरीवरही झकास चाललं, "सापडलं!" म्हणून ओरडले. मग नेहमीप्रमाणे जुन्या साठ्यातून आपली सेटिंग्ज, आपल्या आज्ञा, आपली सगळी पोतडी परत आणून ठेवली, आणि यंत्र पुन्हा रखडायला लागलं. लक्षात आलं नाही. दुसऱ्या जातीचं लिनक्स टाकलं, पुन्हा पोतडी आणली, पुन्हा तेच. तीन महिन्यांत तीनदा. एक्स्चेंजमधला बिघाड वासावरून ओळखणारा माणूस! वसुधाबाई पलंगावरून बघत असायच्या. नळीतून दिवसाला पाच वेळा ते पिठूळ पाणी जात होतं. त्यांचं वजन घटतच होतं, मान धरेना, श्वास वरवर चालायचा. उरलेलं बोटही दुपारनंतर दमायचं.

मार्चमधल्या एका दुपारी त्यांनी शेवटी नीट मोजायला घेतलं. प्रोसेसर किती वेगाने चालतोय ते पडद्यावर लावून ठेवलं. वायर असताना पूर्ण वेग. वायर काढली की एक सेकंद तसाच, आणि मग धाडकन खाली, जेमतेम विसाव्या हिश्श्यावर. त्यांनी हाताने मर्यादा वाढवली. वायर लावली, काढली. पुन्हा खाली. म्हणजे बॅटरी नाही, उष्णता नाही. वायर निघाल्याची खबर मिळताच कुणीतरी आतून लगाम खेचत होतं. कोण? त्यांनी वायर निघाल्यावर चालणाऱ्या आज्ञांची यादी काढली. एकच होती. सात ओळींची फाइल. पहिल्या ओळीत टीप लिहिली होती: "लाइट गेल्यावर मशीन चार तास टिकलं पाहिजे. गुरुनाथ, २०११."

धायरीला तेव्हा रोज चार तास लोडशेडिंग असायचं. बॅटरी पुरावी म्हणून त्यांनी स्वतःच वेगाला खुंटी मारून ठेवली होती. तेव्हाही वसुधाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, लाइट गेली की हे इतकं रेंगाळतं का हो?" आणि यांनी उत्तर दिलं होतं, "रेंगाळू दे, टिकतं की नाही?" त्यानंतर चार यंत्रं झाली. प्रत्येक नव्या यंत्रावर पोतडी पहिली जायची, आणि पोतडीत ही फाइल. इथे लाइट जात नाही, यंत्र कायम वायरीवर, म्हणून इथली आठ वर्षं ती गुमान पडून राहिली.

गुरुनाथरावांनी फाइल पुसली. वायर काढली. "काहीतरी लिही," ते बायकोला म्हणाले. वसुधाबाईंनी लिहिलं, बटण दाबलं. दोन सेकंद.

"झालं का नीट?"

"झालं," ते म्हणाले, आणि पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडले. "माझंच होतं गं. मीच करून ठेवलं होतं." वसुधाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग बोट हळूहळू फिरलं.

"डॉक्टरांची वेळ घ्या. ममता नको. तुम्ही आणि मी."

गेले. त्याच खोलीत. रिबेकाने या वेळी फोनवर दुभाष्याची सोय करून ठेवली होती. वसुधाबाईंनी लिहिलं, दोन सेकंदांत मशीन म्हणालं, "नको. हे सांगतील." गुरुनाथरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. रिबेका म्हणाली की श्वास आता कमी पडतोय, मास्क लावणारं यंत्र रात्री वापरता येईल, पुढे दिवसाही. तुम्हाला काय हवं, वसुधा?

वसुधाबाई घरूनच वाक्य लिहून घेऊन आल्या होत्या. बटण दाबलं आणि खोलीत त्यांचा आवाज उमटला. "मास्क नको. नळीतून देणंही आता बंद करा. मला त्रास होणार नाही एवढं बघा. मला घरी मरू दे."

रिबेकाने गुरुनाथरावांकडे पाहिलं. त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ कळणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं ते इंग्रजीत सांगू शकणारं एकच.

"शी सेज..." ते म्हणाले. "शी सेज, शी इज व्हेरी टायर्ड. शी वॉन्ट्स सम टाइम टू..."

"तसं नाही म्हटलं मी."

दोन सेकंदसुद्धा लागले नव्हते; हे वाक्यही घरूनच लिहून आणलेलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसासमोर, नवऱ्याचं वाक्य मध्येच तोडून. गुरुनाथरावांनी चमकून बायकोकडे पाहिलं. तोंडाचा एक स्नायू हलत नव्हता, डोळे मात्र त्यांच्यावर रोखलेले. राग नव्हता त्यांत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"शी सेज नो," ते म्हणाले. "नो मास्क. स्टॉप द फीडिंग. शी वॉन्ट्स टू डाय ॲट होम." रिबेकाने लिहायला घेतलं. "वेट," ते म्हणाले. "लास्ट टाइम ऑल्सो शी सेड नो. द ट्यूब. आय हर्ड इट, इन द कॉरिडॉर. आय टोल्ड यू यस." शब्द एकेक करून बाहेर येत होते, आणि मध्ये कुणी बोललं नाही, मदतीला कुणी आलं नाही. "शी नेव्हर वॉन्टेड. इट वॉज मी."

रिबेकाने पेन खाली ठेवलं. तिने वसुधाबाईंना विचारलं, हे सगळं बरोबर आहे का, आणि या वेळी गुरुनाथराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बायकोने त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायला नको, म्हणून.

वसुधाबाईंनी डोळे मिटले. "बरोबर आहे," यंत्रही म्हणालं. आणि मग, बोटाला जेवढा वेळ लागला तेवढ्यानंतर, "चला, घरी जाऊ."